चौरस किलोमीटरला दोन माणसं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, काझाच्या वरच्या अंगाला एका गावात आम्ही उतरलो होतो. घरच्या बाईंनी सकाळी चहा दिला आणि त्या कोठीत शिरल्या. त्यांच्या मागोमाग मीही गेलो. आत पिठाची पोती एकावर एक रचलेली, कोपऱ्यात गॅसचे चार सिलिंडर, दोरीला वाळत घातलेला पाला, आणि मागच्या भिंतीला पार छतापर्यंत शेणाच्या गोवऱ्या. बाई बोटांवर हिशेब करत होत्या. पीठ मार्चपर्यंत जाईल. डाळ जाईल. गॅस फेब्रुवारीतच संपेल, मग तंदूरवरच सगळं. तंदूर म्हणजे तिथली खोलीच्या मधोमध मांडलेली पत्र्याची शेगडी. तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं असतं आणि हिवाळ्यात अख्खं घर तिच्याभोवतीच राहतं. सगळं मोजून झाल्यावर बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. "हिला मात्र कुंझुम खिंड बंद व्हायच्या आत खाली पाठवायला हवं."

सुनेला सहावा महिना लागला होता. खाली म्हणजे कुल्लूला. तिथे तिच्या भावाने एक खोली भाड्याने घेऊन ठेवली होती. बाळंत व्हायचं, रस्ता उघडायची वाट बघायची आणि मग परत यायचं. जानेवारीत अडलीच तर पोट उघडणारा डॉक्टर त्या दिवशी इथे असेल की नाही, कोण सांगणार, असं बाईंचं म्हणणं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पीठ आणि डाळ मोजली तशीच त्यांनी ही गोष्टही मोजली होती.

आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते तसंच हे, असं मला तेव्हा वाटलं. रात्री तीन रजयांखाली पडल्यावर लक्षात आलं की ही माहेरी चाललेली नाही. तिचं माहेर त्याच खोऱ्यात पलीकडच्या गावात होतं. ती सासर आणि माहेर दोन्ही सोडून चार-पाच महिने भाड्याच्या खोलीत राहणार होती.

लाहौल-स्पिती हा हिमाचलचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३१,५६४ होती. सगळा जिल्हा वानखेडेवर आणून बसवला तरी काही खुर्च्या रिकाम्या राहतील. क्षेत्रफळ मात्र १३,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गडचिरोलीहून थोडंसंच कमी आणि गोव्याच्या पावणेचार पट. दर चौरस किलोमीटरला माणसं दोन. २००१ मध्ये लोकसंख्या ३३,२२४ होती, म्हणजे दहा वर्षांत ती घटली. जनगणनेच्या वेळी देशात ६४० जिल्हे होते आणि यापेक्षा कमी वस्तीचे फक्त दोन, दोन्ही अरुणाचलात.

या आकड्यांना सरकारी कागदावर काय अर्थ येतो ते बघण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. या हिशेबाने अख्ख्या लाहौल-स्पितीच्या वाट्याला येतं दीड केंद्र. सामुदायिक आरोग्य केंद्र डोंगराळ भागातसुद्धा ८० हजारांमागे एक, म्हणजे इथे अर्धंही बसत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत डोंगराळ भागासाठी २५० वस्तीची अट होती. स्पितीतल्या कितीतरी गावांत माणसं, गुरं आणि कुत्री मिळूनही २५० भरायची नाहीत. प्रत्यक्षात केलाँगला जिल्हा रुग्णालय आहे, काझाला रुग्णालय आहे, रस्ते झालेत. कारण कुठल्या ना कुठल्या सरकारने त्या त्या वेळी निकष वाकवला. पण वाकवलेला निकष म्हणजे मेहेरबानी असते, आणि पुढचा अधिकारी तो पुन्हा सरळ करू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा जिल्ह्यात सोयी डोक्यांवर मोजायच्या नसतात. त्या अंतरावर मोजायच्या, आणि अंतर किलोमीटरमध्ये न धरता दिवसांत धरायचं.

किलोमीटर तिथे किती फसवे आहेत ते नकाशावरच दिसतं. लाहौल आणि स्पिती ही दोन वेगळी खोरी आहेत. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या नद्या तांदीला मिळतात, आणि पुढे तीच चिनाब होते. स्पितीचं पाणी उलट्या दिशेला, किन्नौरकडे वाहत जाऊन सतलजला मिळतं. मधे साडेचार हजार मीटरांहून उंच कुंझुम खिंड. उन्हाळ्यात ती ओलांडून काझाचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी, केलाँगला, पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरांत पोचतो. रस्ता इतका खराब की त्याचाही दिवस जातो, पण पोचतो. बर्फ पडून कुंझुम बंद झाली की त्याच माणसाला त्याच कचेरीत जायला किन्नौर, सिमला, मंडी, मनाली असा वळसा घालून सातशेच्या आसपास किलोमीटर जावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात जायला चार जिल्हे ओलांडायचे. म्हणून तर काझाला अतिरिक्त जिल्हाधिकारी बसवून वेगळा कारभार दिला आहे. तो शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो माणसं मोजून घेतलेला नव्हता.

सरकारला हे कळत नाही असं मला म्हणायचं नाही. काही खात्यांना ते नीट कळतं. जून २०२५ मध्ये निघालेल्या जनगणनेच्या अधिसूचनेत देशभरासाठी संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या बर्फाळ भागांसाठी मात्र तो १ ऑक्टोबर २०२६ ठेवला आहे. कारण उघड आहे, फेब्रुवारीत तिथे प्रगणक पोचणार कसा? स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीतही हेच झालं होतं. बाकीच्या देशाने बहुतेक १९५२ च्या सुरुवातीला मतदान केलं, पण शेजारच्या किन्नौरमध्ये बर्फ पडायच्या आत, २५ ऑक्टोबर १९५१ ला, कल्पा गावच्या श्याम सरन नेगींनी मत टाकलं होतं.

निवडणूक आयोगाची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा त्यांचा दंडक. त्यापायी स्पितीतल्या ताशीगंगला १५,२५६ फुटांवर मतदान केंद्र उघडतात, जगातलं सर्वांत उंच. २०२४ च्या लोकसभेला तिथल्या यादीत ६२ मतदार होते. ६२ लोकांसाठी यंत्र, अधिकारी, पोलीस आणि वर छायाचित्रकार. गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र थाटलं जातं हे तर आता प्रत्येक निवडणुकीत वर्तमानपत्रात येतं आणि आपण कौतुकाने वाचतो. ते कौतुक खोटं नाही. पण मत घ्यायला जाणारं सरकार अंतर मोजतं आणि औषध द्यायला जाणारं सरकार डोकी मोजतं, हे मला पटत नाही. ६२ माणसांना वर्षातून एकदा कुणी तपासायला यावं, दात बघावेत, डोळे बघावेत, यासाठी असा कुठला दंडक आहे?

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे परवडत नाही. माणशी खर्च काढा, म्हणतात. काढू या. रोहतांग खिंडीच्या पोटातून गेलेला ९ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला उघडला. खर्च तीन हजार कोटींच्या वर. जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी दहा लाख रुपये. हा भागाकार कुणी केला? कुणीच नाही, कारण तो मूर्खपणाचा ठरला असता. बोगदा लडाखकडे जाणाऱ्या सैन्यासाठी हवा होता आणि देशाला तो हवाच होता. म्हणजे देशाला गरज असली की छेदात लोकसंख्या घालत नाहीत. भागाकार आठवतो तो भूलतज्ज्ञाची जागा भरायची वेळ आली की.

बोगद्याने लाहौलचं काय भलं केलं हे मान्य न करणं करंटेपणा होईल. त्याआधी रोहतांग साधारण नोव्हेंबरात मिटायची ती एप्रिल-मेपर्यंत. मधल्या काळात बाहेर पडायचा मार्ग सरकारी हेलिकॉप्टर. त्याची यादी लागायची, आजाऱ्यांना आधी घ्यायचे, हवा बिघडली की उड्डाण रद्द आणि यादी पुढच्या दिवसावर. कोकसर आणि मढीला दर हिवाळ्यात बचाव पथकं बसवायची, कारण तरीही माणसं पायी खिंड ओलांडायचा प्रयत्न करायची आणि काही परत यायची नाहीत. आता केलाँगहून निघालेली गाडी बर्फ हटवलेलं असेल तर काही तासांत कुल्लूला पोचते. लाहौलचा फ्लॉवर, वाटाणा, बटाटा बाजारात वेळेवर जातो. हा बदल लहान नाही.

पण बोगद्याचं उत्तर सगळीकडे चालवण्याचा मोह होतो, आणि तिथे चूक सुरू होते. स्पितीला त्याचा हिवाळ्यात काही उपयोग नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की कुंझुम समोर बंदच. शिवाय रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. बोगद्याच्या उत्तर तोंडाशी सिस्सू हे गाव आहे. पूर्वी जानेवारीत तिथे फक्त गावकरी असत. हळदा, फागली असे त्यांचे सण त्याच दिवसांत येतात. देव त्या काळात स्वर्गात गेलेले असतात किंवा विसाव्याला असतात, गोंगाट करायचा नाही अशी श्रद्धा. आता त्याच दिवसांत मनालीहून गाड्यांची रांग लागते, बर्फात लोळायला आणि गाणी वाजवायला. त्या भागातल्या पंचायतींनी सणांच्या आठवड्यांत पर्यटन बंद ठेवायचा ठराव केला तेव्हा समाजमाध्यमांवर बाहेरचे लोक भडकले: आमच्या करातून बोगदा झाला, आम्हाला अडवणारे हे कोण? त्यात मराठी नावंही मला बरीच दिसली. स्पितीला बुलेटवरून जाऊन हिक्किमच्या टपाल कार्यालयातून पुण्याला पोस्टकार्ड टाकायचं, हे आपल्याकडे एक व्रत होऊन बसलंय. मीही टाकलं आहे, तेव्हा फार बोलत नाही. पण तीस हजारांच्या जिल्ह्यात एका मोसमात त्याच्या कित्येक पट माणसं येऊन जातात, पाणी वापरतात, हॉटेलवाल्यांकडून फ्लशचे संडास मागतात. स्पितीचा जुना संडास कोरडा. वरच्या मजल्यावर भोक, खाली माती आणि राख, वसंतात तेच खत शेतात. उणे वीसला पाइप गोठतात तिथे त्याहून शहाणी सोय दुसरी नाही. फ्लश मात्र 'विकास' आणि कोरडा संडास 'मागासलेपण', हे आपण ठरवतो.

जुलै २०२३ मध्ये चंद्रताल तलावापाशी ऐन उन्हाळ्यात बर्फ पडून तीनशेच्या आसपास पर्यटक अडकले. हवाई दल लागलं, राज्याचे मंत्री बर्फातून तिथवर गेले, रस्ता उघडला, सगळे सुखरूप बाहेर आले. अगदी बरोबर झालं. मला फक्त त्या कोठीतल्या बाई आठवतात. अडकण्याचे तीन-चार दिवस झाले तर ती बातमी होते. त्यांचे चार-पाच महिने म्हणजे नुसतं हवामान.

आता शाळा. हिमाचलने अलीकडे शून्य पटाच्या शाळा बंद केल्या आणि अगदी कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळायचं धोरण घेतलं. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी समूह शाळा करायचा विचार पुढे आला होता, तोरणमाळचं उदाहरण देऊन. दोन्हीकडे बोलणं सारखंच: चार मुलांसाठी एक मास्तर परवडत नाही, आणि चार मुलांत मुलांचीही वाढ होत नाही. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. चार मुलांच्या वर्गात मी बसलो आहे. खो-खोचे दोन संघ सोडाच, भांडायलाही माणूस पुरत नाही. पण 'जवळची शाळा' दोन किलोमीटरवर असेल तर ते दोन किलोमीटर जूनमधले की जानेवारीतले? शेवटी पालक काय करतात? ज्याला जमतं तो मुलाला कुल्लूला किंवा सिमल्याला वसतिगृहात टाकतो. मग आई सोबत जाते. मग गावातला पट आणखी घटतो. पुढच्या वर्षी अधिकारी पट बघतो आणि म्हणतो, बघा, मुलंच नाहीत.

हे चक्र मला सगळ्यात जास्त खुपतं. सोय नाही म्हणून माणूस जातो, माणूस गेला म्हणून सोय जाते, आणि प्रत्येक पायरीवर आकडा खरा असतो.

सरासरीचीही एक गंमत आहे. मैदानी जिल्ह्यात डॉक्टरांच्या शंभर जागांपैकी वीस रिकाम्या असतील तर लोक कुरकुरतात, पण भागतं. एकच जागा असलेल्या गावात ती रिकामी झाली की शंभर टक्के रिकामी. तो एकमेव डॉक्टर आजारी पडला, रजेवर गेला, बहिणीच्या लग्नाला खाली गेला आणि मागे खिंड बंद झाली, की तिथलं वैद्यकशास्त्र संपलं. म्हणून अशा ठिकाणी जागा एकेकट्या नकोत, जोडीने हव्यात: दोन डॉक्टर, दोन परिचारिका, दोन मास्तर. कागदावर दुप्पट उधळपट्टी दिसेल. बर्फात मात्र दोन मंजूर जागांमधूनच एक माणूस हाती लागतो.

हिमाचलच्या प्रशासनाला हे अनोळखी आहे असंही नाही. जनजातीय भागात बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याचा कार्यकाळ तिथे वर्षांत सांगत नाहीत. तो 'दोन हिवाळे, तीन उन्हाळे' असा सांगतात. सरकारी भाषेत इतकं जिवंत काही मी क्वचितच वाचलं असेल. हिवाळ्याचं रेशन आधी पोचवण्याची पद्धत आहे. जनजातीय उपयोजनेसाठी राज्य ९ टक्के तरतूद ठेवतं आणि ती त्या भागांतल्या लोकसंख्येच्या वाट्याहून जास्त आहे. म्हणजे दानत आहे आणि समजही आहे. ती एका नियमात बांधलेली नाही, इतकंच. तो नियम फार अवघड नाही. रोहतांग, कुंझुम, बारालाचा कधी मिटल्या आणि कधी उघडल्या याच्या तारखा सीमा सडक संघटनेकडे वर्षानुवर्षांच्या आहेत. कोणत्या गावातून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जानेवारीत किती तास लागतात हे कुठलाही तहसीलदार एका हिवाळ्यात लिहून काढेल. गाव वर्षाला किती दिवस तुटतं तो आकडा धरा आणि त्यावर जागा मंजूर करा. साठ दिवस तुटणाऱ्या गावाला एक माप, दीडशे दिवस तुटणाऱ्याला दुसरं. लोकसंख्या त्यात एक रकाना म्हणून राहू दे, पण शेवटचा.

हे माप बर्फापुरतंही नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, दर पावसाळ्यात. गडचिरोली-मेळघाटात आपण गरोदर बायकांसाठी आरोग्य केंद्रापाशी माहेरघरं काढली, त्यामागे नेमका हाच विचार होता: नदी चढायच्या आत तिला दवाखान्याजवळ आणून ठेवा, सोबतच्या माणसाच्या जेवणाची सोय करा. नाव किती समजून दिलंय. ती सगळी नीट चालतात असा माझा दावा नाही. पण कल्पना बरोबर आहे आणि ती काझाला न्यायला काहीच हरकत नाही. कुल्लूत भाड्याची खोली घेणं ज्या भावाला जमतं, त्याच्या बहिणीचं निभावतं. ज्याला जमत नाही, तिचं काय?

'मग या लोकांनी खालीच का येऊ नये?' हा प्रश्न मला पुण्यात दर दुसऱ्या माणसाने विचारला आहे. उत्तर असं की ज्यांना शक्य होतं ते आलेच आहेत. कुल्लूच्या खोऱ्यात लाहौली लोकांची घरं आणि बागा कित्येक वर्षांच्या आहेत. अनेक कुटुंबं हिवाळा तिथे काढतात आणि उन्हाळ्यात वर येऊन शेती करतात. हिवाळ्यात वर राहतात ते म्हातारे, गुरं सांभाळणारे आणि दुसरं घर न परवडणारे. तेव्हा 'खाली या' हा सल्ला पैसेवाल्यांनी कधीच अमलात आणलाय, उरलेल्यांना तो टोमण्यासारखा लागतो. आणि तत्त्वाचं विचाराल तर भारताचा नागरिक कुठल्या उंचीपर्यंत नागरिक राहतो, अशी रेघ घटनेत कुठे ओढलेली माझ्या पाहण्यात नाही.

दुसरं एक उत्तर हल्ली फार चालतं: ही सीमा आहे, गावं ओस पडली तर चीन आत येईल. हा जिल्हा १९६० मध्ये, तेव्हाच्या पंजाबात, वस्ती जेमतेम वीस हजार असताना झाला तो याच काळजीतून. २०२३ मध्ये केंद्राने ४,८०० कोटींची 'व्हायब्रंट व्हिलेजेस' योजना आणली, तिच्यातही लाहौल-स्पिती आहे. गिऊसारख्या गावाला एप्रिल २०२४ मध्ये मोबाइलचं जाळं मिळालं आणि पंतप्रधानांनी तिथल्या लोकांशी फोनवर बोलून ते साजरं केलं. जाळं मिळालं हे चांगलंच झालं. पण ही भूमिका मला पुरती पटत नाही. माणसांना सीमेवरचे खांब समजून सोयी दिल्या की सीमेपासून ऐंशी किलोमीटर आतल्या गावाचा हक्क आपोआप कमी होतो. लाहौलमधल्या लिंडूर गावात घरांना आणि शेतांना भेगा पडल्यात, जमीन सरकतेय. ऑगस्ट २०२१ मध्ये नालड्याजवळ दरड कोसळून चिनाबचा प्रवाह काही तास अडला होता. हे धोके सीमेचे नाहीत, डोंगराचे आहेत. त्याच नदीवर धरणं आणि वीज प्रकल्प आणायचे बेत होतात तेव्हा गावं विरोध करतात, आणि तीस हजार लोकांचा विरोध तराजूत हलका भरतो. वीज मात्र कोट्यवधींना हवी असते.

तराजू म्हटल्यावर प्रतिनिधित्वाकडे यावंच लागतं. विधानसभेच्या ६८ जागांपैकी लाहौल-स्पितीला एक आहे, मतदार पंचवीस हजारांच्या घरात. राज्यातली सरासरी ऐंशी हजारांवर. जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना होईल तेव्हा हा फरक कुणाच्या तरी डोळ्यांवर येणार. नॉर्वेचा उत्तर टोकाचा फिनमार्क प्रांत असाच थंड आणि विरळ. २००५ च्या निवडणुकीपासून त्या देशाने जिल्ह्यांना संसदेतल्या जागा वाटताना एक साधं सूत्र आणलं: प्रत्येक माणसाला एक गुण आणि प्रत्येक चौरस किलोमीटरला १.८ गुण. मी कुतूहल म्हणून ते हिमाचलला लावून पाहिलं. नुसत्या लोकसंख्येवर लाहौल-स्पितीला एक तृतीयांशही जागा मिळत नाही. नॉर्वेच्या सूत्रानेसुद्धा अर्ध्याच्या थोडी वर जाते, पूर्ण एक होत नाहीच. माझ्या बाजूचा आकडा निघेल या आशेने गणित केलं होतं, तो निघाला नाही. मतांच्या समानतेवर घासून बघितलं तर या जिल्ह्याची जागा टिकत नाही, हे मला मान्य करावं लागतं. तरी ती टिकावी असंच मी म्हणेन. ती गेली तर कुल्लूच्या नाहीतर किन्नौरच्या आमदाराला हिवाळ्यात इथे यायचं काही कारणच उरणार नाही. लोकसभेच्या मंडी मतदारसंघात या जिल्ह्याची मतं शेकड्याला दोनसुद्धा नाहीत. तिथे ते आधीच झालेलं आहे. फिनमार्कचं आणखी एक घेण्यासारखं: १९९० पासून तिथे राहून नोकरी करणाऱ्याचं शैक्षणिक कर्ज दर वर्षी थोडं थोडं माफ होतं आणि आयकरही कमी लागतो. डॉक्टरला सक्तीने वर पाठवून तो पहिल्या उन्हाळ्यात बदलीचा अर्ज लिहीत बसण्यापेक्षा हे बरं.

फेब्रुवारीत त्या घरी फोन लागला. आवाज तुटक येत होता. छतावरचं बर्फ लाकडी फावड्याने ओढून नुकत्याच खाली उतरलेल्या बाईंना धाप लागली होती. नातू झाला होता, कुल्लूत, सुखरूप. अभिनंदन केल्यावर त्यांनी हसत एक अडचण सांगितली. जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथली, म्हणून दाखल्यावर जन्मठिकाण कुल्लू आलंय. गावातल्या आणखी दोन पोरांचंही तसंच आहे.

मी नंतर त्याचा विचार करत राहिलो. उद्या सिमल्याच्या एखाद्या कचेरीत कुणी रकाना उघडून बघेल की काझात हिवाळ्यात बाळंतपणं किती झाली. आकडा अगदी लहान निघेल, आणि अगदी खराही. त्या आकड्यावर कोणती जागा मंजूर होईल आणि कोणती होणार नाही, ते आत्ताच सांगता येईल. बाईंना मात्र वेगळीच घाई होती. गॅस त्यांच्या हिशेबाच्या आठ दिवस आधीच संपला होता आणि तंदूरवर पाणी उकळत होतं.